खरखरीसकट द्या

२००८च्या मार्चमध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झळकली: एडिसनच्याही १७ वर्षं आधीचा माणसाचा आवाज सापडला. पॅरिसच्या एदुआर-लेओं स्कॉट द मार्तिनव्हिलने ९ एप्रिल १८६० रोजी काजळी धरलेल्या कागदावर एका फ्रेंच गाण्याची ओळ उमटवली होती. त्याचं यंत्र आवाजाची नुसती रेघ काढायचं, ती रेघ वाजवायची सोय तेव्हा नव्हती. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने कागदाच्या स्कॅनवरून आवाज तयार केला, आणि लोकांना ऐकू आली एक मुलगी, फार तर तरुण बाई. वर्षभराने उलगडा झाला की वेग दुप्पट धरला गेला होता. गाण्याच्या शेजारी ट्यूनिंग फोर्कचीही, म्हणजे ठरावीक स्वरात कंप पावणाऱ्या धातूच्या काट्याचीही, रेघ होती. त्या काळच्या फ्रेंच शास्त्रज्ञांच्या मोजणीत कंपनाचं जाणं एक आणि येणं दुसरं, म्हणजे त्यांचे ५०० हे आपले २५० हर्ट्झ. वेग निम्मा केल्यावर मुलगी नाहीशी झाली आणि सावकाश गाणारा पुरुष समोर आला. बहुधा खुद्द स्कॉटच.

ही फजिती दुरुस्त झाली याचं कारण सरळ आहे. फोर्कची रेघ कोणी 'गाण्याचा भाग नाही' म्हणून कापून टाकली नव्हती, आणि मूळ स्कॅन पुन्हा तपासायला शिल्लक होता. लोकांपर्यंत नुसती स्वच्छ केलेली दहा सेकंदं पोचली असती आणि बाकीचं कपाटात राहिलं असतं, तर ती मुलगी आजही गात बसली असती.

मेणाच्या सिलिंडरवरचं, म्हणजे एडिसनच्या फोनोग्राफवर फिरणाऱ्या पोकळ नळकांड्यांवरचं, जुनं गाणं आता झपाट्याने इंटरनेटवर येत आहे. एकट्या सांता बार्बरातल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने दहा हजारांहून जास्त सिलिंडर ऐकायला खुले केले आहेत. अमेरिकेत १९२३पूर्वी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२पासून सर्वांची झाली, त्यामुळे कोणीही उचलावं, घासूनपुसून पुन्हा चढवावं. म्हणून मागणी अशी की सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संग्रहाने सिलिंडर लोकांसमोर ठेवताना आधी कच्चं, न गाळलेलं ध्वन्यंकन द्यावं, सोबत ते कसं केलं याची नोंद द्यावी, आणि साफ केलेली प्रत त्यानंतर. आज बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं चालतं. साफ प्रत दर्शनी, कच्ची आत कुठेतरी, मागितली तर मिळेल अशी. आणि नोंद? ती बहुतेकदा कर्मचाऱ्याच्या डोक्यात.

यात हट्ट कसला, असं वाटत असेल तर आधी वेगाचं गणित पाहू. नेहमीचा सिलिंडर साधारण सव्वाचार इंच लांब, सव्वादोन इंच व्यासाचा, आणि इंचाला १०० चऱ्या. १९०२च्या सुमारास साच्यातून ओतलेले काळे सिलिंडर बाजारात आले आणि मिनिटाला १६० फेरे हा वेग ठरून गेला. त्याआधीच्या तपकिरी मेणावर मात्र जो तो आपल्या मर्जीने मुद्रण करायचा: कुठे १२०, कुठे १४४, कुठे या दोहोंच्या मधलं काही. फोनोग्राफच्या बाजूला वेग कमीजास्त करायचा स्क्रू असे. घरी मुद्रण करणारा तो सैल करून दोन मिनिटांत मावणार नाही ते कडवंही बसवायचा.

आता १२०वर मुद्रित झालेला सिलिंडर १६०वर वाजवा. गुणोत्तर होतं ४/३. पेटीवर बोट ठेवणाऱ्या कोणालाही हे गुणोत्तर ओळखीचं आहे: षड्जाचा थेट शुद्ध मध्यम झाला. काळी एकमध्ये गाणारा पुरुष काळी तीनमध्ये जाऊन बसला, एक मिनिटाचं गाणं ४५ सेकंदांत उरकलं, आणि भारदस्त आवाजाच्या गवयाचा चिरका पोरगा झाला. १४४चा १६०वर वाजवला तर १०/९, म्हणजे स्वर रिषभाच्या जवळपास चढला. ही दुसरी चूक जास्त घातक आहे. पहिल्या चुकीत ऐकणाऱ्याला लगेच शंका येते. दुसऱ्या चुकीत आवाज विश्वास बसण्याजोगा राहतो, फक्त गायिका होती त्याहून तरुण आणि चपळ वाटते. मग 'त्या काळी लोक किती द्रुत गात' असे निष्कर्ष त्यावरून निघतात.

तंतुवाद्यात किंवा पियानोतही वेग चुकला की स्वर चढतो, पण वाद्य ओळखू येतं. माणसाच्या गळ्याचं तसं नाही. अ, इ, ऊ हे स्वरवर्ण आपण ओळखतो ते घसा आणि तोंडाच्या पोकळीत ठरावीक जागी उठणाऱ्या गुंजनावरून. वेग बदलला की गुंजनाच्या त्या जागाही सरकतात आणि एका माणसाच्या देहाऐवजी दुसराच देह ऐकू येतो. म्हणून वेग ठरवणं हे तांत्रिक काम नसून संपादन आहे, आणि संपादकाने आपला आधार सांगितला पाहिजे.

आधार असतातही. गाण्याच्या सुरुवातीला सूत्रधार नाव पुकारतो, तेव्हा तोच माणूस दहा सिलिंडरवर बोललेला असेल तर त्याचा आवाज ताडून पाहता येतो. साथीला पियानो असेल तर पट्टी कळते. मात्र पियानोही लबाड साक्षीदार. मध्य सप्तकाच्या धैवताला, म्हणजे युरोपीय 'ए'ला, कुठे ४३५ हर्ट्झ तर कुठे ४५०च्या वर असे, शिवाय गवई आपल्या सोयीने पट्टी उतरवून घेत. लोकगीत विनासाथ असेल तर हाती उरतं ते बोलणं आणि तर्क. म्हणून 'वेग १४४, आधार पियानोची पट्टी' एवढं लिहायला हवं. ज्याला पटणार नाही तो कच्ची प्रत घेऊन स्वतः फिरवून पाहील.

कच्ची प्रत म्हणजे नेमकं काय, हे सांगायला हवं, कारण या शब्दाखाली बरंच काही खपवलं जातं. सिलिंडरच्या चरीत सुई आडवी हलत नाही, वरखाली होते. सुईची हालचाल विजेच्या संकेतात बदलणारी आजची स्टीरिओ पिकअप लावली तर उभ्या हालचालीचा संकेत डाव्या-उजव्या वाहिन्यांच्या फरकात सापडतो, बेरजेत नव्हे. एका वाहिनीच्या तारा उलट न जोडता दोन्ही वाहिन्या मिसळल्या की गाणं एकमेकाला खाऊन टाकतं आणि हाती उरते ती आडवी खरखर. घरगुती हौशी मंडळी इथे हमखास फसतात आणि सिलिंडर झिजलाय असा शेरा मारून मोकळी होतात. दुसरा सापळा प्री-अँपचा, म्हणजे पिकअपचा क्षीण संकेत मोठा करणाऱ्या यंत्राचा. रेकॉर्डप्लेयरसाठीच्या प्री-अँपमध्ये एलपीकरता ठरवलेला आरआयएए वक्र असतो. तो खालचे स्वर उचलतो, वरचे दाबतो. सिलिंडरला या वक्राशी काही देणंघेणं नाही. त्यातून काढलेला आवाज घुमट, गळा सर्दी झाल्यासारखा. कच्ची प्रत म्हणजे दोन्ही वाहिन्या वेगवेगळ्या, कोणताही वक्र न लावलेल्या, कापाकापी न केलेल्या, सुई टेकल्यापासून उचलेपर्यंत. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शनात २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ९६ हजार नमुन्यांचा, आग्रह आहे. गाणं स्वतः जेमतेम तीन-चार हजार हर्ट्झपर्यंत जात असलं तरी. कारण खरखरीतला प्रत्येक टिचका जितका टोकदार टिपला जाईल तितका तो नंतर गाण्याला धक्का न लावता वेचता येतो. खरखर नीट टिपणं ही सफाईची पहिली अट आहे, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी.

एवढ्या मोठ्या फायली लोकांना देणं परवडत नाही, हा नेहमीचा आक्षेप. हिशोब करू. ९६ हजार नमुने, प्रत्येकी ३ बाइट, दोन वाहिन्या: सेकंदाला ५७६ किलोबाइट. अडीच मिनिटांचा सिलिंडर साधारण ८६ मेगाबाइट. असे दहा हजार सिलिंडर एक टेराबाइटच्या आत बसतात. लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्याच्या खोलीत याहून जास्त डिस्क पडलेल्या असतात.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: सामान्य श्रोता खरखर ऐकून दहाव्या सेकंदाला निघून जाईल, मग एवढा खटाटोप कोणासाठी? त्याच्यासाठी साफ प्रत द्यावीच. वाद सफाईशी नाही, सफाईने मूळची जागा घेण्याशी आहे. खरखर काढणारी प्रणाली ठरावीक आकार नसलेला, सर्व कंप्रतांवर पसरलेला आवाज शोधते. गळ्यातून निघणारे स, श, फ आणि ह नेमके तसेच असतात. आधीच कर्ण्यातून गाळून आलेले हे वर्ण सिलिंडरवर जेमतेम सावलीइतके उरलेले, ते सफाईत पहिले जातात. मग गायिका बोबडी वाटते, आणि शब्द कुठल्या भाषेतले यावरसुद्धा वाद होतात. श्वासाचं तेच. दोन ओळींमध्ये घेतलेला श्वास ऐकू आला तर गाण्याची दमछाक कळते. तो पुसला की गवई यंत्र होतो. अलीकडच्या, नमुन्यांवरून शिकलेल्या संगणकी प्रणाली तर पुसून थांबत नाहीत. रिकाम्या जागी काय असावं याचा अंदाज बांधून ते भरतात. भरलेला 'स' हा आजच्या कोणाच्या तरी गळ्यातला असतो. ऐकायला गोड, पुरावा म्हणून शून्य.

कंपाची गोष्ट आणखी नाजूक. मेणाचे सिलिंडर शंभर वर्षांत आकसतात, वाकतात, लंबगोल होतात. लंबगोल सिलिंडर प्रत्येक फेऱ्यात दोनदा हेलकावा देतो. १६० फेऱ्यांना हे सेकंदाला सुमारे ५.३ वेळा झालं. ऑपेरा गाणाऱ्याच्या आवाजातला नैसर्गिक कंप सेकंदाला पाच ते सातच्या घरात असतो. म्हणजे मेणाचा हेलकावा आणि गळ्याचा कंप एकाच ठिकाणी येऊन मिसळतात. यंत्राने हेलकावा सपाट केला तर गायिकेचा कंपही सोबत सपाट होऊ शकतो. नाही केला तर नसलेला कंप तिच्या नावावर जमा होतो. यातून मार्ग एकच: सिलिंडर किती वाकला आहे ते मोजून नोंदवणं. असा सिलिंडर ८० फेऱ्यांवर, निम्म्या वेगाने सावकाश वाजवून घेतात म्हणजे सुई उडत नाही, आणि वेग नंतर संगणकात दुप्पट करतात. हेही नोंदीत यायला हवं.

या सगळ्याचं मूर्तिमंत उदाहरण न्यूयॉर्कचे मेपलसन सिलिंडर. लायोनेल मेपलसन मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ग्रंथपाल होता. १९०० साली त्याने घरगुती एडिसन फोनोग्राफ घेतला आणि १९०१ ते १९०३ या काळात चालू प्रयोगांचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे टिपले. सुरुवातीला प्रॉम्प्टरच्या खोबणीतून, पुढे रंगमंचावरच्या उंच मचाणावरून, भलामोठा कर्णा खाली रोखून. गायिका नेली मेल्बा आणि एम्मा कॅल्व्हे, प्रख्यात तेनोर (उंच पट्टीचा पुरुष गायक) जां द रेश्के: कंपनीच्या खोलीत कर्ण्याला तोंड लावून नव्हे, भरल्या थिएटरात, वाद्यवृंदावर मात करत गाताना. रेश्केचा तर आज हाती असलेला आवाज एवढाच. मेपलसन हे सिलिंडर मित्रमंडळींना वाजवून दाखवायचा, आणि मऊ मेणावर प्रत्येक वाजवणं म्हणजे एक किसणी. म्हणून आज ऐकू येतं ते घरघरीच्या पलीकडे, लांब कुठेतरी गाणारं माणूस.

आता साफ प्रतीत काय होईल पाहा. यातल्या काही सिलिंडरवर प्रेक्षकांच्या टाळ्या आहेत. टाळ्या म्हणजे ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने खरखरच. सफाईची प्रणाली त्यांना मेणाची घरघर समजून गिळते आणि तान संपल्यावर थिएटर एकदम मुकं होतं. मेल्बाने घेतलेल्या जागेला न्यूयॉर्कने काय दाद दिली, हा इतिहासाचा ऐवज सफाईत जातो. शिवाय प्रत्येक पिढीने हे सिलिंडर आपापल्या साधनांनी नव्याने काढले. १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून संग्राहकांनी काढलेल्या तबकड्या, १९८५ साली न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा सहा एलपींचा संच, आणि २०२२मध्ये लायब्ररीने घेतलेलं 'एंडपॉइंट' यंत्र, जे तडकलेले आणि आकसलेले सिलिंडरही वाचू शकतं. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या मंडळींना न ऐकू आलेलं काही सापडतं. १९८५च्या सफाईलाच अंतिम मानून मूळ वाजवणं थांबवलं असतं तर?

उलट बाजूने असंही म्हटलं जातं की मूळ सिलिंडर जपले आहेत ना, मग कच्च्या प्रतीचा एवढा आग्रह कशाला. कारण मूळ टिकत नाही. तपकिरी सिलिंडर म्हणजे मधमाश्यांचं मेण नव्हे; स्टिअरिक आम्लापासून केलेला धातूचा साबण तो. दमट कपाटात त्यावर बुरशी चढते, आणि बुरशी पुसून काढली तरी तिने खाल्लेले खड्डे राहतात, तेच पुढे फटफट वाजतात. थंड खोलीतून काढलेल्या सिलिंडरच्या पोकळीत उबदार बोटं घातली की तो हातातच तडकू शकतो; म्हणून आधी दिवसभर खोलीच्या तापमानाला आणायचा, आणि उचलायचा तो आतून, दोन बोटं हलकेच फाकवून, चऱ्यांना स्पर्श न करता. निमुळत्या दांड्यावर पुढे सरकत नसेल तर दाबायचा नाही, तो आकसला आहे. इंचाला २०० चऱ्यांचा चार मिनिटांचा सिलिंडर दोन मिनिटांच्या जाड सुईने वाजवला की एका फेरीत नासतो. जत्रेत मांडल्यासारखे जुने फोनोग्राफ लावून तपकिरी मेण वाजवणारे व्हिडिओ लोक कौतुकाने पाहतात. सुई धरणाऱ्या जड साउंडबॉक्सखाली कातरला जाणारा तो आवाज पुन्हा येणार नसतो. प्रदर्शनच करायचं तर साच्यातले निळे सेल्युलॉइडचे सिलिंडर वाजवा, ते बऱ्यापैकी सोसतात.

कच्चं सगळं सगळ्यांना, असं मात्र नाही. १८९० साली मानववंशशास्त्रज्ञ जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी अमेरिकेच्या मेन राज्यात कॅलेसला पासामाक्वॉडी या मूळनिवासी लोकांची गाणी आणि कथा सिलिंडरवर घेतल्या. लोकांमध्ये जाऊन केलेलं हे सर्वांत जुनं ज्ञात ध्वनिमुद्रण. गाणी गेली हार्वर्डला, मग लायब्ररी ऑफ काँग्रेसला. ज्यांची ती होती त्यांच्या हाती कॅसेट आल्या १९८०च्या दशकात. अलीकडे नव्याने अंकन झालं तेव्हा कोणतं गाणं कोणी ऐकावं, कशासाठी वापरावं याच्या खुणा समाजाने स्वतः लावल्या, आणि त्या खुणा संग्रहाच्या नोंदीत चढल्या. विधीचं गाणं बाहेरच्यांसाठी बंद ठेवायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. पण त्यामुळे इथला मुद्दा ढिला पडत नाही, घट्ट होतो. निर्णय समाजाने घ्यायचा तर त्याच्या हाती कच्ची प्रत आणि नोंद हवी. शब्द ओळखू शकणारे वृद्ध त्यांच्यातच असतात, आणि चुकलेल्या वेगावर आजोबांची भाषा त्यांनाही परकी वाटेल. गुळगुळीत केलेली प्रत भेट देऊन परतफेड होत नाही.

आपल्याकडे सिलिंडर फारसे नाहीत, पण हाच प्रश्न तबकड्यांच्या रूपाने दारात आहे. १९०२पासून ग्रामोफोन कंपनीने हिंदुस्थानात घेतलेली सुरुवातीची ध्वनिमुद्रणं नेमक्या ७८ फेऱ्यांची नाहीत. ७१ची तबकडी ७८वर लावली तर स्वर दीडेक अर्धस्वर चढतो, आणि ख्यालाची लय, बाईंचा सूर, दोन्हींबद्दल चुकीची मतं पक्की होतात. मुंबईच्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'सारख्या संस्थेने आणि अनेक खाजगी संग्राहकांनी जपलं म्हणून हे गाणं उरलं. पण यूट्यूबवर चढणाऱ्या शेकडो नाट्यपदांखाली वेग, सुई, फिल्टर यांची एक ओळ नसते. काही ठिकाणी तर तानपुरा मागून मिसळलेला. नोंद लिहायला लागतात दोन मिनिटं: कोणत्या वेगाने वाजवली, कोणता वेग खरा धरला आणि का, सुईची जाडी, तडा कुठे, काय काढलं, काय घातलं, तारीख.

हे सगळं शंभर वर्षांपूर्वी कोणाला सुचलं नव्हतं असंही नाही. बर्लिनच्या फोनोग्राम संग्रहात एरिक फॉन हॉर्नबॉस्टेल दूरदेशी निघालेल्या प्रवाशांच्या हाती फोनोग्राफ द्यायचे, तेव्हा सोबत एक छोटी शिट्टीही द्यायचे, ४३५ हर्ट्झ स्वराची. गाणं सुरू व्हायच्या आधी ती कर्ण्यात फुंकायची. दोन मिनिटांच्या मेणातले काही क्षण त्यावर खर्च व्हायचे, पण ते वाजवताना शिट्टी ४३५ला जुळवली की वेग आपोआप जुळतो, तर्काला जागाच नाही. आज साफ प्रत तयार करताना सर्वांत आधी कापलं जातं ते सुरुवातीचं 'रिकामं', गाण्याच्या आधीचं. शिट्टी तिथेच असते.